गवतावर चालू नये

"हिला इंग्रजी येतं म्हनं. पन ही बया बोलत कुठल्याच भाषंत न्हाई."

हे माझ्याबद्दल होतं. मला नीट ऐकू यावं इतक्या मोठ्यानं, पण मला उद्देशून नाही असं म्हणता यावं इतकं तोंड बाजूला करून बोललेलं. बोलणारी म्हातारी एका दगडी गडग्यावर पाय सोडून बसली होती. तिच्यामागे कमरेला लागेल एवढं गवत उभं होतं. समोर आमची जीप होती, जीपच्या बॉनेटवर नकाशा होता, आणि नकाशावर आमचे साहेब वाकले होते. मी त्यांच्यामागे दोन पावलं, पर्स छातीशी धरून.

म्हातारीचं म्हणणं खोटं नव्हतं. मला पगार बोलण्याचा मिळत होता, आणि माझं असं एकही वाक्य मी त्या नोकरीत अजून बोलले नव्हते.

मी दुभाषी होते. पिंपरीजवळ एक कारखाना उभा राहत होता, त्यासाठी परदेशातून एक इंजिनियर आले होते. कुठल्या देशातून ते सांगत नाही. त्या देशानं माझं काही वाईट केलेलं नाही. कामगारांच्या क्वार्टर्ससाठी जागा पाहणं हे त्यांचं काम. जागा पुष्कळ होती. अडचण एवढीच, की ती मराठी बोलणाऱ्या माणसांच्या ताब्यात होती.

माझ्याआधी या कामावर एक गृहस्थ होते. त्यांना स्वतःची मतं होती. शेतकरी एक वाक्य बोलला की ते साहेबांना पाच सांगत. त्यांना काढल्यावर साहेबांनी मतं नसलेलं माणूस शोधायला घेतलं, आणि पुण्याच्या कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकलेली, खाली मान घालून चालणारी मुलगी त्यांना या वर्णनात अगदी चपखल बसली. नेमणूक 'योग्य पुरुष मिळेपर्यंत' होती. तो अजून मिळायचा आहे.

ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. दुभाष्याला स्वतःचा 'मी' नसतो. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. त्यामुळे पदर सारखा करत, खालच्या आवाजात, मी साहेबांना अनेकदा सांगितलं आहे की मला चार मुलगे आहेत, माझ्या बैलाला खुरकत झाली आहे, आणि चुलतभावाला मी एक दिवस विहिरीत ढकलणार आहे. साहेब गंभीरपणे मान हलवीत. त्यांचा नियम एकच: काही वाढवायचं नाही, काही गाळायचं नाही. एकदा रहाटणीच्या वाटेवर जीपमुळे बुजलेली म्हैस आवरताना एका गृहस्थांनी साहेबांना तांबडतोंड्या माकड म्हटलं. साहेबांनी विचारलं, काय म्हणतो? मी नियम पाळला. साहेब म्हणाले, "त्यांना सांगा, नोंद घेतली आहे." मी तेही सांगितलं. गृहस्थ फार विरघळले. आम्हाला चहा मिळाला.

साहेबांचे प्रश्न ठरलेले असत. मालक कोण, वापर काय, लोकसंख्या किती. प्रश्न सोपे होते, गावं अवघड होती. पवनेच्या काठी एका म्हाताऱ्याला साहेबांनी विचारलं, ही वाळू कुणाची? तो म्हणाला, "पावसाळ्यात नदीची, उन्हाळ्यात भोयांची. ते खरबुजं लावत्यात." मी तसंच सांगितलं. साहेबांना एका मालकाचं नाव हवं होतं. म्हाताऱ्यानं जरा विचार करून नदीचं नाव सांगितलं. दुसऱ्या एका गावात लोकसंख्या विचारली, तर जो आकडा मिळाला त्यात गावकुसाबाहेरची वस्ती धरलेली नव्हती. बायकाही नव्हत्या. मी एकदा मागे वळून पाण्याला चाललेल्या बायकांची रांग पाहिली, आणि आकडा सांगितला. वाढवायचं नाही, गाळायचं नाही.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'स्त्रीच्या नोकरीतले अनुभव' मागितले आहेत. एखादी बिचारी, एखादा लंपट वरिष्ठ, शेवटी स्वाभिमान, असं काहीतरी त्यांना हवं असावं. माझे साहेब सभ्य होते. माझ्या आठवणीत गवत आहे. त्याला माझा इलाज नाही.

तर तो दिवस भादव्यातला. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले पाटील दिवाळी अंक वाचतात. पाटील तेव्हा पन्नाशीचे, भरदार, फेटा कडक. साहेब येणार म्हणून त्यांनी कोट चढवला होता. गडग्यावरची म्हातारी म्हणजे गोदाबाई. हातात काठी, तोंडात तंबाखू, आणि मघाशी सांगितलं ते माझ्याबद्दलचं मत.

साहेबांनी हिरव्या पसाऱ्याकडे हात केला. "इथे गावाची जनावरं चरतात का?"

मी विचारलं.

पाटलांची छाती कोटात मावेना. "हितं? एक खूर पडत न्हाई, साहेब. माजं सोताचं खोंड शिरलं तरी सोडत न्हाई. देवाच्या नावानं सोडल्याला वळू हाय, त्यो बी कडंकडंनं जातो. इचारा कुनालाबी."

मी सांगितलं. साहेबांनी भुवया उंचावल्या. "मग गवताचा काही उपयोग?"

"हात लावायची हिंमत न्हाई कुनाची."

मी तेही सांगितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाटलांनी कौतुक समजून घेतलं, आणि त्यांनी आणखी दोन बढाया मारल्या. त्याही मी पोचवल्या. दोन्ही बाजू इतक्या खूश असलेलं संभाषण मी नोकरीत दुसरं पाहिलं नाही.

परतताना जीप ड्रायव्हर दाऊदभाई चालवत होते. ते चाकणचे. वडिलांचं गाड्यांची चाकं करायचं दुकान होतं, आणि साहेबांना मराठी कळत नाही या गोष्टीचा पूर्ण फायदा घेणारे जीपमध्ये ते एकटेच. चिंचवड दिसायला लागल्यावर ते पुढे बघतच म्हणाले, "बाई, पाटलानं आज कुरणाची लई अब्रू राखली. कुरण गेलं, ती गोष्ट वेगळी."

मी विचारलं, म्हणजे काय?

"अहो, पावसाळ्यात गाव कुरण बंद ठेवतं. गवत वाढायचं, बी धरायचं. दसरा झाला, बी गळालं, की सगळ्यांनी मिळून कापायचं, मग जनावरं सोडायची. वर्षाची वैरण तीच. पाटील सांगत होता की आमी किती कडक राखतो. साहेबानं ऐकलं की कुणाला नको आहे."

"मग पाटलांनी दसऱ्यानंतरचं सांगितलं का नाही?"

"दसऱ्यानंतर गवत कापतात, हे काय सांगायचं असतं? तुम्ही कुणाला सांगता का, की आमी रोज जेवतो म्हणून?"

शाळेत मी इंग्लंडमधली कुरणं शिकले होते. तिथली फुलं मला नावानिशी येत. इथल्या गवताला बी असतं आणि ते गळावं लागतं, हे मला जीपमध्ये कळलं, तेही चाकांच्या दुकानदाराच्या मुलाकडून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अहवाल सांगितला आणि मी टाइप केला. जमीन पडीक. गवत माजलेलं. जनावरांची चाहूल नाही. वापर होत नसल्याचं गावच्या प्रमुखानं आपण होऊन मान्य केलं. भोवती दगडी भिंत आहे, तिचं प्रयोजन कळत नाही, बहुधा प्राचीन असावी.

शब्द सगळे पाटलांचेच होते. एकही वाढवलेला नव्हता.

दसऱ्यानंतर, प्रांतसाहेब पाहणीला येणार आहेत असा निरोप घेऊन मला आणि दाऊदभाईंना त्या गावी पाठवलं. गावात कुणीच नव्हतं. चावडीवर कुत्रं झोपलं होतं. लांबून हलगी ऐकू येत होती. तिच्या रोखानं गेलो, तर अख्खं गाव कुरणात.

गवत आता पिवळंभोर झालं होतं. गडग्याच्या आत विळे घेऊन माणसं एका रांगेत उभी होती. हलगी थांबेपर्यंत कुणी वाकायचं नाही, थांबली की सगळ्यांनी एकदम, आणि एका उंबऱ्यामागे एकच विळा. ज्याला शेत आहे त्यालाही एक, ज्याला नाही त्यालाही एक. रांगेत पाटलांच्या घरचे तीन दिसले.

"तीन कसे?" मी दाऊदभाईंना विचारलं. उत्तर गडग्यावरून आलं.

"दसऱ्यापत्तुर पाटलाचं घर एक असतंय," गोदाबाई म्हणाली. "विळा हातात आला की भाऊ-भाऊ वायले निगत्यात. गवात घरात पडलं की पुन्ना एक चूल. लई माया हाय त्यांच्यात."

रांगेतून पाटील ओरडले, "म्हातारे, तुजी जीभ बी कुरणावानी बंद ठिवाय पायजे."

"ठिव की. राखायला कोन बसंल?"

रांग हसली. पाटीलही हसले, पण तिघांतला एक विळा मागे सरकला. आता दोनच उरले. दोन चालतात, असं एकंदर दिसलं.

मी गडग्याजवळ उभी राहिले. कुसळं साडीत शिरली होती. गोदाबाईनं मला जागा करून दिली आणि स्वतःहून बोलायला लागली. न बोलणाऱ्या माणसाशी लोक फार मोकळेपणानं बोलतात, हा या नोकरीतला एक फायदा. तिचा नवरा कुरणाचा राखणदार होता. तो गेल्यावर गावानं, दुसरा गडी मिळेपर्यंत तू बस, असं सांगून तिच्या हातात काठी दिली. गडी मिळाला नाही. मिळावा म्हणून कुणी फार खटपटही केली नाही. राखणीबद्दल तिला नदीकडच्या पट्ट्यातलं गवत जास्तीचं मिळे. त्यातलं थोडं खोपटावर जाई, थोडं तिच्या दोन शेळ्यांना, उरलेले भारे ती चिंचवड स्टेशनवर टांगेवाल्यांना विकी. शेत नाही, मूल नाही. हा गडगा आणि ही काठी, एवढा तिचा संसार.

"हा गडगा फार जुना असेल," मी म्हणाले. साहेबांचं मत होतं ते.

"जुना? ह्यो हाय का तुकडा, औंदाचा हाय. पाटलाच्या खोंडाचा."

मला कळलं नाही. तिनं काठीनं दाखवलं. ज्याचं जनावर पावसाळ्यात कुरणात शिरेल त्यानं नदीवरून दगड आणून गडग्याचा एक तुकडा बांधायचा, हा दंड. म्हणून प्रत्येक तुकड्याला नाव. हा न्हाव्याच्या गाईचा. तो पलीकडचा, जरा वाकडा, रागारागात बांधलेला, दोघा भावांच्या रेड्याचा. पाटलांच्या नावाचे तुकडे सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत सुबक. त्यांनी गवंडी लावला होता. गडग्याचा एक भाग उंचीनं दुप्पट होता.

"आणि हा?"

ती तंबाखू थुंकली. "ह्यो माज्या शेळीचा. राखनदारनीला दंड दुप्पट. तवा म्या आजारी हुते, कुनी म्हनलं न्हाई की ऱ्हाऊ दे. म्या बी म्हनलं न्हाई." मग माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघून तिनं विचारलं, "सायबाचं काय हाय मनात? कुरन घेनार म्हनत्यात."

मी निरोपच सांगितला. प्रांतसाहेब येणार आहेत. तो निरोप होता, माझं बोलणं नव्हतं. ती थोडा वेळ वाट बघत राहिली, मग विळेवाल्यांकडे वळली. परत निघताना दाऊदभाई मात्र पाटलांना बाजूला घेऊन काहीतरी बोलले. "नुसतं सांगितलं," जीपमध्ये ते म्हणाले, "की वापर आहे म्हणा. एवढंच."

एवढंच पुरे होतं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी त्याची वाट पाहायला नको. रस्त्याकडचं निम्मं कुरण गेलं. नदीकडचं निम्मं गावाकडे राहिलं, आणि गोदाबाईचा पट्टा त्यात होता. ते माझ्यामुळे राहिलं असं मी म्हणत नाही. तिथे पुराचं पाणी चढतं, असंही नंतर कुणीतरी साहेबांच्या कानावर घातलं होतं. रस्त्याकडे आता क्वार्टर्स आहेत, क्वार्टर्ससमोर हिरवळ आहे. तिला पाणी घालायला माळी आहे, राखायला पहारेकरी आहे, आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे, इंग्रजीत वर आणि मराठीत खाली. पाटीचा मराठी मजकूर माझ्याचकडून करून घेतला. त्या गवताचं पुढे काय करतात, असं गोदाबाईनं मला एकदा विचारलं. कापतात, मी म्हटलं. मग? मग टाकून देतात. तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे.

तर पाहणी. ती दिवाळीनंतर झाली. गवत कापून झालं होतं, उरलेल्या खुंटांवर गावाची सगळी जनावरं सोडलेली होती. गाई, म्हशी, शेळ्या, देवाचा वळू. प्रांतसाहेब जन्मानं साताऱ्याकडचे, पण आमच्या साहेबांसमोर त्यांना मराठी कळेनासं होई, त्यामुळे मला काम होतं.

साहेब जीपमधून उतरले आणि थबकले. मग ते प्रांतसाहेबांना शांतपणे म्हणाले, "मी आलो तेव्हा इथे एक प्राणी नव्हता. आपल्यासाठी गोळा करून आणलेले दिसतात." प्रांतसाहेब हसले. गावाकडची माणसं अशीच, असं इंग्रजीत म्हणाले. मग मला म्हणाले, "विचारा त्यांना, जनावरं केव्हापासून आहेत."

मी पाटलांना विचारलं. पाटलांनी दाऊदभाईंकडे पाहिलं, फेटा सावरला, आणि दाऊदभाईंनी सांगितलं होतं त्याहून पुष्कळ जास्त सांगितलं.

"बारा म्हयने. भर पावसात बी. गडगा नुसता नावाला हाय, कुनी बी यावं, कवाबी चारावं. आमी आडवत न्हाई कुनाला."

मी ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी खिशातून भादव्यातलं टिपण काढलं आणि पाटलांचंच वाक्य वाचून दाखवलं. एक खूर पडत नाही. मी ते मराठीत केलं, पाटलांना पाटलांचं वाक्य परत दिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मी जमिनीकडे पाहिलं.

तेवढ्यात गडग्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"बारा म्हयने?" गोदाबाई खाली उतरली होती. "आडवत न्हाई? मंग भर पावसात म्या हितं काय तुजं तोंड राखत बसले हुते, पाटला? ह्यो गडगा नावाला? तुज्या खोंडाचा तुकडा कुनी बांधला, माज्या बानं? कुरन गेलं तर जाऊ दे. पन म्या राखलं न्हाई म्हनतुयास? इतक्या मानसांत?" यापुढचं मी छापायला देत नाही. त्यात पाटील होते, पाटलांचे वाडवडील होते, आणि साहेबही होते.

"गप, म्हातारे," पाटील हळूच म्हणाले. "तुज्यासाटीच बोललो."

"माज्यासाटी खरं बोलायचं हुतं."

प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिलं. अहवालावर सही करायला पेन काढलं. जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरलेला होता, आणि त्यावर सगळं कुरण, रस्त्यापासून नदीपर्यंत, एकाच रंगाच्या पेन्सिलीनं रंगवलेलं होतं. गोदाबाई पाटलांना शिव्या देतच होती.  दाऊदभाई टायरकडे बघत होते. दुभाषी काय करते, समोरचा बोलेपर्यंत थांबते. मी थांबले. समोर साहेबांशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा मला माझा आवाज ऐकू आला. इंग्रजी होतं, वाक्यं छोटी होती, आणि आवाज नेहमीइतकाच बारीक.

"ही जमीन वापरात आहे. पावसाळ्यात इथे जनावर नसतं, कारण गवत वाढायचं असतं. आता आहे, कारण गवत कापून झालं. भादव्यात पाटील बढाई मारत होते. आज ते घाबरून खोटं बोलत आहेत. दोन्ही वेळा त्यांना हेच सांगायचं होतं. ती भिंत प्राचीन नाही, दंडाची आहे. ज्याचं जनावर आत शिरलं त्यानं तो तुकडा बांधला. पाटलांचे तुकडे सगळ्यांत जास्त आहेत. राखणदार बाईंचा एक आहे, तो दुप्पट उंच आहे. तुम्ही उभे आहात तिथून दिसतो."

साहेबांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या सवयीनं, त्यांनी विचारलं, "हे कोण म्हणतंय? पाटील?"

"नाही."

"ती म्हातारी?"

"नाही, साहेब. त्या अजून शिव्याच देत आहेत. हे मी म्हणते आहे."